मुलकोवालची बाटली आणि डॉक्टरांची शंका

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईत, परळच्या सरकारी प्रयोगशाळेत तयार झालेली होती. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताचे झटके येऊ लागले आणि एकही वाचला नाही. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही. दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. त्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

धनुर्वाताचे जंतू त्या बाटलीत कुठे शिरले, परळला की मुलकोवालला? या प्रश्नाचा निकाल लागायला जवळजवळ पाच वर्षे लागली. तेवढ्या काळात लस बनवणारे वॉल्डेमार हाफकिन यांचे पद गेले आणि नाव डागाळले. त्यांच्यावर ठपका ठेवणारे लोक काही लशीला भिणारे अडाणी गावकरी नव्हते. ते शिकलेले डॉक्टर, वैद्यकीय खात्याचे अधिकारी आणि त्यांच्या सल्ल्याने चालणारे सरकार होते. लशीला विरोध म्हटला की आपल्याकडे पुण्यातला प्लेग, रँडचा खून आणि घरझडत्यांनी चिडलेली जनता आठवते. वैद्यकाच्या व्यवसायातच या लशीविषयी किती खोल शंका होती आणि तिने काय काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. ते सांगायला पुरेशी कागदपत्रे आज उपलब्ध आहेत. हाफकिन यांनी जून १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेला निबंध, भारतीय प्लेग आयोगाचा अहवाल, डिसेंबर १९०६ च्या ‘गॅझेट ऑफ इंडिया’त आलेली मुलकोवालची चौकशी, आणि १९०७ साली ‘टाइम्स’ व ‘नेचर’मध्ये छापून आलेली पत्रे ही त्यांतली मुख्य. ती एकापुढे एक ठेवून वाचली की दोन प्रकारची शंका वेगवेगळी दिसू लागते. एका शंकेने लस पारखून घेतली. दुसरीने पारख होण्याआधीच माणसाला दोषी धरले.

मुंबईत प्लेग आल्याचे सप्टेंबर १८९६ मध्ये उघड झाले. मांडवी भागातल्या रुग्णांवरून हे निदान करणारे डॉक्टर होते मूळचे गोव्याचे अकॅशिओ व्हिएगस. त्या वेळी हाफकिन कलकत्त्याकडे कॉलऱ्याच्या लशीचे काम करत होते. सरकारने बोलावल्यावर ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोचले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई.

हाफकिन डॉक्टर नव्हते. १८६० साली ओडेसात जन्मलेला हा रशियन ज्यू शास्त्रज्ञ प्राणिशास्त्र शिकला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो प्रथम ग्रंथपालाचा मदतनीस म्हणून लागला आणि तिथेच जंतुशास्त्रात घडला. हिंदुस्थानातला वैद्यकीय कारभार मात्र इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी हुद्द्याच्या डॉक्टरांकडे होता. त्यांच्या शिक्षणाचा आणि अनुभवाचा भर स्वच्छतेवर होता. गटारे, हवा, पाणी, गर्दी आणि विलगीकरण हीच साथीवरची हत्यारे, असा त्यांचा विश्वास. त्यांच्यात एक परका, वैद्यकाची पदवी नसलेला माणूस येतो आणि मेलेले जंतू टोचून साथ रोखता येईल म्हणतो. यावर डॉक्टरांनी लगेच मान डोलावली असती, तर तेच नवलाचे ठरले असते. संशय घेणे हे त्यांच्या विद्येचे अंगच होते, आणि या टप्प्यावर तरी त्यात गैर काही दिसत नाही.

हाफकिन यांची रीत अशी होती. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवायचे. हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना दुखावू नयेत म्हणून हा रस बोकडाच्या मांसाचा करत. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या थेंबांना धरून, छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली वाढत जात. वाढ पुरेशी झाली की रस तापवून जंतू मारायचे आणि त्यात अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड घालायचे. तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. सुई डॉ. सर्वेयर यांच्या हातात होती आणि मात्रा १० घन सेंटिमीटर होती, म्हणजे पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेच्या तिप्पट-चौपट. ताप आला, दंड ठणकला, पण ते कामावर राहिले.

पण एका माणसाच्या दंडाने काही सिद्ध होत नाही. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तिथल्या सुमारे दीडशे कैद्यांनी आपण होऊन लस घेतली. पुढच्या आठवड्यात लस न घेतलेल्या कैद्यांत १२ जण आजारी पडले आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांत २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही. आकडे बोलके आहेत, पण चिकित्सक डॉक्टर इथे थांबला नसता आणि थांबलाही नाही. लस टोचलेल्यांपैकी ३ जणांना त्याच दिवशी प्लेग झाल्याचे दिसले होते आणि ते मेले. रोग आधीच अंगात होता, असे म्हणून त्यांना हिशेबातून वगळले होते. ते योग्य होते का? शिवाय आपण होऊन पुढे येणारे कैदी मुळात अधिक सशक्त, अधिक जागरूक असतील. मग फरक लशीचा की माणसांचा? हे प्रश्न खोडसाळ नव्हते. आजच्या कोणत्याही चाचणीत हेच प्रश्न आधी विचारले जातात.

हाफकिन यांचा मोठेपणा असा की त्यांनी हे प्रश्न झटकले नाहीत. पुढच्या वर्षी उमरखाडीच्या तुरुंगात त्यांनी निवडच बदलली. कैद्यांना ओळीने बसवले आणि दर दुसऱ्याला टोचले. कोण धट्टाकट्टा, कोण राजी, हे पाहिलेच नाही. तिथे न टोचलेल्यांत १० आजारी पडून ६ मेले. टोचलेल्यांत ३ आजारी पडले आणि तिघेही वाचले. भायखळ्याच्या आकड्यांवर जी हरकत घेता येत होती, तिला उमरखाडीने दिलेले हे उत्तर होते.

रॉयल सोसायटीपुढच्या निबंधातली गावे आणि छावण्या याच नजरेने पाहण्यासारख्या आहेत. पोर्तुगीज ताब्यातल्या दमणमध्ये २,१९७ लोकांनी लस घेतली, त्यांतले ३६ मेले. ६,०३३ जणांनी घेतली नाही, त्यांतले १,४८२ मेले. शेकडा दीड विरुद्ध शेकडा चोवीस, असा हा फरक. पुण्याजवळ खडकीच्या तोफखान्याच्या छावणीत लस घेतलेल्या ६७१ जणांपैकी ३२ आजारी पडले, १७ दगावले. न घेतलेल्या ८५९ जणांपैकी १४३ आजारी पडले, ९८ दगावले. दमणचा फरक खडकीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि शंकेखोर वाचकाने नेमके इथे थबकावे. गावात लोक ये-जा करतात, कोणी पळून जातो, कोणाचे नाव नोंदलेच जात नाही. छावणीत पटावरची माणसे मोजता येतात. म्हणून खडकीचा लहान फरक दमणच्या मोठ्या फरकाहून अधिक विश्वासाचा आहे.

यांतला सर्वांत भक्कम प्रयोग बडोद्याजवळच्या उंढेरा गावचा. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे गावच्या याद्या करून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना टोचले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे जेवणारे, एकाच उंदरांच्या सहवासात राहणारे लोक, त्यांतले निम्मे लस घेतलेले आणि निम्मे न घेतलेले. नंतर २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. स्वच्छता, श्रीमंती, जात, घराची हवा यांपैकी एकाही कारणावर हा फरक ढकलता येत नाही, कारण ती सगळी दोन्हीकडे सारखीच होती. डॉक्टरांनी शंका घेतल्या नसत्या तर उंढेऱ्याचा प्रयोग अशा रीतीने आखला गेला असता का? मला तसे वाटत नाही.

ही शंका सरकारी पातळीवर मांडण्याचे काम भारतीय प्लेग आयोगाने केले. तो १८९८ मध्ये नेमला गेला. अध्यक्ष होते एडिंबरोचे प्राध्यापक टी. आर. फ्रेझर. सदस्यांत आल्मरॉथ राइट होते, ज्यांनी स्वतः विषमज्वरावरची लस काढली होती. आयोग गावोगाव फिरला, साक्षी नोंदवल्या, आकडे तपासले. अहवालात त्याने हाफकिन यांच्या कामावर खरोखर कठोर टीका केली. अनेक ठिकाणच्या नोंदी तंतोतंत नाहीत, आणि लशीची ताकद ठरवण्याची पद्धत पक्की नाही, असे त्याचे म्हणणे होते. तरीही निष्कर्ष काढताना त्याने टीकेचा आणि पुराव्याचा गोंधळ केला नाही. लसीकरणाने प्लेग होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी होते, मृत्यूही कमी होतात, पण संरक्षण संपूर्ण नाही, असे त्याने नोंदले. आकडे सदोष असले तरी सगळे एकाच बाजूला झुकतात, हे त्याने मान्य केले. मला या अहवालातली शंका आदर्श वाटते. ती कारणासह लिहिलेली आहे, छापलेली आहे आणि ज्याच्यावर शंका घेतली त्याला उत्तर देता येईल अशी आहे.

राइट यांनाही पुढे हेच भोगावे लागले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. बोअर युद्धात त्यांच्या लशीला ब्रिटिश सैन्यातल्या अनेक डॉक्टरांचा पाठिंबा मिळाला नाही, आणि १९०४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांनी त्यांच्या आकड्यांवर वैद्यकीय नियतकालिकातून उघड हल्ला चढवला. वाद कडू झाला, पण तोही सर्वांसमोर छापून आला, आणि पुढे विषमज्वराच्या लशीची तपासणी अधिक काटेकोर झाली.

आता मुलकोवालकडे यायला हरकत नाही.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली होती. प्लेग मात्र मुंबईपुरता राहिला नाही. पंजाबात तो इतका वाढला की १९०२ साली तिथल्या सरकारने लाखो लोकांना टोचायची मोहीम आखली आणि परळकडे मागणी आली ती अशी की जुन्या रीतीने ती पुरी होणेच शक्य नव्हते. हाफकिन यांनी रीत बदलली. रसाऐवजी अगारवर जंतू वाढवायचे, ते पाण्यात उतरवायचे, उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक ॲसिड घालायचे नाही. लस लवकर तयार होई. पाश्चर संस्थेतही कार्बोलिकविना काम चालत असे, हे त्यांना माहीत होते. तरीही हा बदल पुढे त्यांच्याविरुद्ध वापरला गेला.

५३-एन ही बाटली टोचणीच्या ४१ दिवस आधी भरलेली होती. ती मुलकोवालला उघडताना जे झाले, ते चौकशीतल्या साक्षींवरून असे दिसते. बूच काढताना मदतनीस कंपाउंडरच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला. मुंबईच्या प्रयोगशाळेच्या छापील सूचनांप्रमाणे असे हत्यार ज्योतीत तापवून घ्यायला हवे होते. पंजाबच्या प्लेग खात्याने त्या सूचना बाजूला ठेवून कार्बोलिकच्या पाण्यात बुडवणे पुरेसे मानले होते. तसा तो चिमटा पाण्यात घोळवून पुन्हा वापरला गेला. तिथल्या डॉक्टरांनी टोचण्यापूर्वी बाटलीचा वास घेतला होता आणि वाईट वास आला नाही, अशी त्यांची साक्ष आहे.

चौकशी समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स होते. सोबत दोन वैद्यकीय अधिकारी होते. एक कलकत्ता मेडिकल कॉलेजचे प्रमुख, दुसरे कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक. समितीने ठरवले की जंतू बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, शिरले. एक तर निर्जंतुकीकरण अपुरे झाले असावे, नाही तर मोठ्या भांड्यातून लहान बाटली भरताना ते गेले असावेत. कार्बोलिक वगळणे ही गंभीर चूक मानली गेली. हाफकिन यांना संचालकपदावरून बाजूला केले. त्यांच्या जागी बॅनरमन आले. १९०४ मध्ये हाफकिन लंडनला गेले. आपली बाजू मांडायला त्यांच्यासमोर कागदच नव्हते, कारण चौकशीची कागदपत्रे सरकारने प्रसिद्धच केली नव्हती.

याच काळात पंजाबातून येणारे आकडे मात्र लशीची साक्ष देत होते. १९०२-०३ च्या मोहिमेत ज्या गावांचा हिशेब ठेवला गेला, तिथे लस न घेतलेल्या ६,३९,६३० लोकांत ४९,४३३ जणांना प्लेग झाला आणि २९,७२३ मेले. लस घेतलेल्या १,८६,७९७ लोकांत ३,३९९ जणांना झाला आणि ८१४ मेले. याद्यांतल्या सगळ्या चुका धरल्या तरी हा फरक पुसून जात नाही. तरी मुलकोवालनंतर टोचणीची मोहीम मंदावली. एका बंद फायलीत अडकलेला संशय गावोगावी पोचला, आणि त्याला उत्तर देणारा पुरावा मात्र मागेच राहिला. या काळात जे प्लेगने मेले, त्यांतले किती जण लशीने वाचले असते, हे मोजता येत नाही. पण ते शून्य नव्हते, एवढे या आकड्यांवरून निश्चित म्हणता येते.

डिसेंबर १९०६ मध्ये ‘गॅझेट ऑफ इंडिया’त कागदपत्रे छापली गेली आणि मग प्रकरणाला वेगळीच कलाटणी मिळाली. मलेरियाचा प्रसार डासांमुळे होतो हे हिंदुस्थानात सिद्ध करणारे आणि त्यासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी ती वाचली. रॉस स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसचे होते. म्हणजे हाफकिन यांचा बचाव त्याच खात्यात घडलेल्या माणसाने केला. मार्च १९०७ मध्ये ‘टाइम्स’ आणि ‘नेचर’मध्ये त्यांची पत्रे आली. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा सरकारी कागदांतल्या साक्षींतूनच उचललेला होता.

धनुर्वाताचे जंतू ४१ दिवस त्या बाटलीत असते तर वाढून त्यांनी भरपूर विष तयार केले असते. मग रोग आठवडाभर थांबला नसता, झटपट आणि आणखी भयंकर झाला असता. धनुर्वाताच्या वाढीला दुर्गंधी असते. वास घेणाऱ्या डॉक्टरांना तो आला नाही. जमिनीवर पडलेला चिमटा तापवला गेला नाही, आणि जमिनीच्या मातीत धनुर्वाताचे बीजाणू हमखास असतात. शिवाय कार्बोलिकचे काय? धनुर्वाताचे बीजाणू पाच टक्क्यांच्या कार्बोलिकमध्येही कित्येक तास तग धरतात, हे त्या काळच्या जंतुशास्त्राला ठाऊक होते. म्हणजे अर्धा टक्का कार्बोलिक घातले असते तरी परळला शिरलेले बीजाणू मेले नसते, आणि मुलकोवालला पडलेला चिमटा कार्बोलिकच्या पाण्यात घोळवून निर्जंतुक झाला नव्हता. समितीने ज्या ॲसिडच्या अभावाला दोष दिला, त्याच ॲसिडवर पंजाबच्या अधिकाऱ्यांनी भलता विश्वास टाकला होता. एकच शास्त्रीय वस्तुस्थिती दोन्ही ठिकाणी लागू होती, पण समितीने ती एकाच ठिकाणी तपासली.

२९ जुलै १९०७ रोजी ‘टाइम्स’मध्ये दहा जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापले गेले. त्यांत रॉस, सिम्प्सन, क्लाइन, वुडहेड आणि अमेरिकेचे सायमन फ्लेक्सनर होते. मुंबईच्या प्रयोगशाळेने सांगितलेली पद्धत रद्द केल्यामुळे आणि चिमटा निर्जंतुक न केल्यामुळे जंतू मुलकोवालला शिरल्याचा पुरावा बळकट आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. वर्षअखेरीस हाफकिन यांना सरकारी नोकरीत परत घेतले. मुंबईचे पद मात्र रिकामे नव्हते. त्यांना कलकत्त्याला जावे लागले, आणि पहिल्यासारखे काम करण्याची मुभा त्यांना कधीच मिळाली नाही. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये ते लोझान येथे वारले.

या सगळ्या कागदांतून मला जे उमगते ते असे. मुलकोवालच्या समितीने शंका घेतली, यात तिचा दोष नाही. एकोणीस माणसे मेल्यावर लस बनवणाऱ्याला प्रश्न विचारायलाच हवेत, आणि त्यांचे उत्तर कठोर निघाले तरी स्वीकारायला हवे. दोष दोन ठिकाणी आहे. प्रयोगशाळेतल्या बदललेल्या रीतीवर जेवढी बारीक नजर गेली, तेवढी मुलकोवालच्या बदललेल्या सूचनांवर आणि जमिनीवर पडलेल्या चिमट्यावर गेली नाही. आणि निष्कर्षावर चार वर्षे कोणालाच बोट ठेवता येऊ दिले नाही. प्लेग आयोगाची शंका छापली गेली, म्हणून तिच्यातून चांगले काही निघाले. समितीची शंका पडद्याआड राहिली, म्हणून एका शास्त्रज्ञाचा आणि लशीवरच्या विश्वासाचा बळी गेला. दोन्हीकडे शंका घेणारे तज्ज्ञच होते. फरक तज्ज्ञतेत नव्हता, पुरावा उघडा होता की बंद यात होता.

हा फरक जुना झालेला नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा पहिल्या रांगेत आरोग्य कर्मचारी होते. कोव्हॅक्सिनला त्या वेळी ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये परवानगी दिलेली होती. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे परिणामकारकतेचे आकडे अजून यायचे होते, आणि लस घेणाऱ्याच्या संमतिपत्रातही हे लिहिलेले होते. त्याच दिवशी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने लेखी पत्र दिले. चाचणी अपुरी असल्याने अनेक जण साशंक आहेत, आम्हाला कोविशील्ड द्यावी, असे त्यात म्हटले होते. मुंबईत कोव्हॅक्सिन दिली जात होती जे. जे. रुग्णालयात, म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजच्याच आवारात. मार्चमध्ये अंतरिम निकाल आले. नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला आणि लक्षणे दिसणाऱ्या कोविडविरुद्ध परिणामकारकता ७७.८ टक्के ठरली. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच महिन्यात मान्यता दिली. लस उपयोगी ठरली. म्हणून त्या तरुण डॉक्टरांची जानेवारीतली शंका चुकीची होती, असे म्हणता येत नाही. त्यांनी कारण लिहून, संघटनेच्या नावाने, योग्य अधिकाऱ्याकडे ती दिली होती. तिचे खरे उत्तर फक्त आकडेच देऊ शकत होते, आणि ते आधी यायला हवे होते.

लस टोचणाऱ्या माणसाचे शब्द घेणाऱ्याच्या मनात खोल जातात. परिचारिकेने नुसते ‘मी नाही घेतली’ म्हटले तरी पन्नास घरांत ते वाक्य पोचते. म्हणूनच आरोग्यक्षेत्रातल्या माणसाची शंका कुजबुजीत राहू देणे धोक्याचे, आणि ती दडपणे त्याहून धोक्याचे. ती नोंदवून घ्यावी, तिला ज्या पुराव्याची गरज आहे तो खुला करावा, आणि तो पुरावा पुढे आला की शंका घेणाऱ्याने त्याच्यापुढे तितक्याच मोकळेपणाने मत बदलावे. रॉस आणि त्यांचे सहकारी हेच करत होते. सरकारने त्यांच्याच खात्यातल्या लोकांच्या सल्ल्याने ठरवलेला निकाल त्यांनी सरकारच्याच कागदांवरून तपासला, आणि तो टिकत नाही म्हणून सांगितले. तसे वागणाऱ्या डॉक्टरांची संख्या वाढली, तर लशीवरचा लोकांचा विश्वास वाढवायला दुसरा उपाय शोधावा लागणार नाही.